बाकी सगळं

कर्स्टी ब्लँशर्ड, वय एकोणीस, लॅबमधला तिसरा आठवडा,
फॉर्मवरच्या एका चौकोनाशी पेन टेकवून थांबली.
इथं काय लिहू?
चौकोनावर छापलं होतं: मॅट्रिक्स.
हॅडक लिही, मी म्हणाले.

बाहेर ग्रिम्सबीचा धक्का, बर्फाच्या बंद कारखान्यावर
सीगल पक्ष्यांची भांडणं,
आत मिक्सरमध्ये फिरून गुलाबी राखाडी लगदा झालेला मासा.
आम्हाला हवा होता त्यातला पारा.
किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा, फार तर दहावा.
जे शोधायचं त्याला म्हणतात अ‍ॅनलाइट,
आणि ते सोडून बाकी सगळं म्हणजे मॅट्रिक्स.

बाकी सगळं?

सगळं. चरबी, मीठ, प्रथिनं,
उत्तर समुद्रातलं त्याचं पोहणं, त्यानं खाल्लेले खेकडे.
पाऱ्याच्या हिशेबात आख्खा मासा म्हणजे अडचण.

मराठीत काय म्हणता? तिनं विचारलं.
मी अडले.
गाभा म्हणावा तर तो आत असतो, हा तर भोवताली.
आधार म्हणावा तर हा पाय ओढतो.
शेवटी म्हटलं, रस्सा.
ज्यात फोड बुडालेली असते तो.
डेरेक टोपी चढवत दारातून म्हणाला,
मुळात लॅटिन शब्द आहे, अर्थ गर्भाशय.
आणि बस पकडायला पळाला.

नुसत्या पाण्यात पारा खणखणीत बोलतो.
तेवढाच पारा मासळीत घाला,
पुटपुटतो.
यंत्र खोटं बोलत नाही, पारा कमी झालेला नाही,
रस्सा तोंडावर हात ठेवतो.
म्हणून पाण्यावरची पट्टी मासळीला लावायची नाही, कर्स्टी.

मग?

मग त्याच लगद्याचे चार सारखे वाटे.
एक तसाच. दुसऱ्यात थोडा पारा आपण घालायचा, मोजून,
तिसऱ्यात दुप्पट, चौथ्यात तिप्पट.
आवाज किती किती चढतो बघायचा,
रेघ ओढायची,
आणि ती मागं मागं नेत न्यायची,
शून्य ओलांडून, जिथं आवाज पुरता थांबतो तिथपर्यंत.
शून्याच्या मागं जेवढं जावं लागलं
तेवढं त्यात आधीपासून होतं.

तिनं हे वहीत उतरवलं. स्पेलिंग एक चुकलं.

रात्री अकोल्याहून आईचा फोन.
कशी आहेस?
बरी आहे.
पंचवीस वर्षं अकोल्यात ती हे दोन शब्द ऐकत आली,
तिथली तिची पट्टी पक्की.
इथल्या दमट खोलीतून, हीटरच्या गुरगुरण्यातून
जातात तेव्हा त्यांचं काय होतं
मला माहीत नाही.
ती क्षणभर थांबली.

बाजारात बोरं आलीत, म्हणाली.
हो का, मी म्हणाले.
समोरच्या गद्र्यांनी घर विकलं.
कधी?
तुझी सायकल पडून आहे, बोरकर बाईंच्या मुलाला देऊन टाकू?
मी काहीच बोलले नाही.

तिनं दहावीनंतर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही.
तिकडं भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.
मार्चमध्ये येऊन जा, ती म्हणाली, तिकिटाचं बघू.

सायकल तिनं दिली नाही. मी विचारलंही नाही.

सकाळी रिपोर्ट गेला: पारा, शून्य पूर्णांक शून्य आठ,
मर्यादेच्या बराच आत, विकायला हरकत नाही.
उरलेला लगदा पिवळ्या पिशवीत.
पिशवीची गाठ मारता मारता कर्स्टी म्हणाली,
आणि फॉर्म माशानं भरला असता तर?
त्या चौकोनात?

पारा, मी म्हणाले. जाळं. मिक्सर.
तू, मी, डेरेकची टोपी.

ती हसली, पण पिशवी
आज जरा जपून उचलली.